फुल्यांचा तक्ता

तुम्ही म्हणता कम्प्युटर खोटं बोलत नाही, मंग हे आयका. बोंडअळीनं सारा कापूस खाऊन टाकलता, त्याच्या पुढच्या साली मी घाटंजीकडं अळीच्या पाहणीवर होतो. आमची रीत साधी. झाडावर अळी दिसली का कागदावर फुली मारायची. त्या साली एकबी फुली पडली नाही. मी खुशीत गावं आन पाहणीच्या तारखा कम्प्युटरवर टाकल्या आन तक्ता यवतमाळले साहेबाकडं धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबाची जीप दारात. मांगं फवारणीवाले सहा जण, पाठीवर पंप.

साहेब छापलेला कागद नाचवत म्हणे, "काहून रे, साऱ्या गावात अळी पडली आन तू गप बसला?"

पाहतो तं काय, आमचा फॉन्ट त्यायच्या कम्प्युटरमध्ये नव्हताच. मराठीचा पार चिवडा झालता. आन तारखा रकान्यात मावल्या नाही, म्हणून तिथं खालपर्यंत नुसतं ####, ####! साहेबाले त्याच फुल्या वाटल्या.

म्या म्हटलं, "साहेब, ह्या तारखा हायेत."

"मले शिकवतं का? चाल वावरात!"

दुपारपर्यंत भर उन्हात साहेबानं बोंडं फोडून पाहिली. अळी काही भेटेना. शेवटी वावराच्या कडेले धुऱ्यावर बसला, घाम पुसला आन म्हणे, "मंग एवढी अळी गेली कुठं?"

म्या म्हटलं, "साहेब, हे सहाबी पंप वापस न्या आन तुमच्या कम्प्युटरवर मारा. तिथंच हाय ते अळी."