न वाजलेली घंटी

नाही हो, घालतो ना हेडफोन, घालायला माझी काही हरकत नाही — पण आधी एक सांगा, तुम्ही आमच्या धाकटीच्या ओळखीच्या नाहीत ना? धाकटी म्हणजे माझी बहीण. उंच, केस मानेपर्यंत, बोलताना माणसाच्या खांद्याकडे बघते. नाही? बरं. नसाल. मी काही तुम्हाला खोटं पाडत नाही, मॅडम, पण बघा, गावात कान तपासणारे सहा जण, आणि ती बरोब्बर तुमचाच पत्ता देते, म्हटल्यावर माणसाला वाटणारच ना, की कुठेतरी पाणी मुरतंय. रिपोर्टवर शिक्का असतो ना तुमचा? शिक्का हवाच. आणि सही. नाहीतर ती म्हणेल, ह्याने घरीच छापून आणलाय.

खोली बरी आहे. भिंतींना हे काय, गादीसारखं? बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून — हां, म्हणजे आतला बाहेरही जात नसणार. लावा दार, चालेल, काचेतून तुम्ही दिसता तेवढं पुरे. फक्त ते मशीन जरा डावीकडे घ्या, तुमचा हात दिसत नाही मला. नाही, तसं काही नाही, समोरचा माणूस पुरता दिसला की मला बरं वाटतं. हे बटण ना? आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. कळलं, मी काय लहान आहे? करा सुरू… आला… आला… हाही आला, दबका होता, पण आला… बघितलंत? अहो, कपबशांच्या कारखान्यात अठरा वर्षं ठोकणीवर बसतोय मी. कप उपडा ठेवायचा, लाकडी काडीने हलकेच ठोकायचा — टण्ण वाजला तर पुढे, ठक् वाजला तर बाद. तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. ह्या कानांवर आमचा कारखाना चाललाय आणि धाकटी म्हणते, जा, कान तपासून ये.

बंद केलंत का? नाही, काही येत नाहीये म्हणून विचारलं. हात तर हलतोय तुमचा. जुळवाजुळव चालली असेल, करा सावकाश, मशीनचं असंच असतं. तोवर सांगतो रिपोर्ट कशाला हवाय ते. आम्हा भावंडांना एका बँडचं वेड आहे — हसू नका, आमची आई पण हसायची. एक वर्षाआड बँड युरोपच्या दौऱ्यावर निघतो आणि आम्ही दोघं रजा साठवून मागोमाग. अकरा दौरे झाले. पाच गावं, पाच कॉन्सर्ट, बस, आगगाडी, एका खोलीत सहा-सहा खाटा, सकाळपासून हॉलच्या दाराशी रांग, मनगटावर शाईने नंबर. लोक विचारतात, तीच माणसं, तीच गाणी, पाच-पाच वेळा काय ऐकता? आता ज्याला कळत नाही त्याला काय सांगायचं! रोज गाण्यांची यादी वेगळी असते, रोज लंबूचा — गाणाऱ्याला आम्ही लंबू म्हणतो — रोज लंबूचा घसा वेगळा असतो. परतीच्या बसमध्ये आमच्या लोकांचे वाद ऐका तुम्ही, दुसऱ्या गावात तिसरं गाणं हळू का घेतलं ह्यावरून माणसं चार-चार वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी.

ओठांवर बोट? बरं. गप्प बसतो.

… 

… 

अहो, एवढा वेळ गप्प बसलो आणि तुम्ही काही लावलंच नाही! हां — आत्ता आलं लक्षात. मुद्दाम रिकामं सोडताय. मी उगाचच बटण दाबतो का बघताय. मी तसला नाही, मॅडम. आल्याशिवाय दाबणार नाही, मग तुम्ही दुपारपर्यंत बसवा मला. तर काय सांगत होतो — धाकटी रेकॉर्डिंग करते. चोरून नाही, बँड करू देतो, फक्त विकायचं नाही. कॉलरला दोन माइक, मसुराएवढे. आणि एकदा ते लावले की दोन तास ती हलत नाही. गात नाही, टाळी वाजवत नाही, खोकला आला तर गिळते. कारण तिचा आवाज सगळ्यात जवळ, तोच आधी टेप होणार. सगळा हॉल नाचतोय आणि ही खांबासारखी उभी. घरी आली की ज्यांना जमलं नाही त्यांना फुकट पाठवते — एक बाई आहे, नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिला सगळ्यात आधी. आणि माझं काम तिच्या पाठीशी उभं राहायचं. कोणी किंचाळायला लागला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. अकरा दौरे मी तिची पाठ राखली. म्हणून जास्त लागतं मनाला.

लागतं म्हणजे काय झालं, ऐका. शेवटचं गाणं संपतं ना, तेव्हा ड्रमवाला काड्या खाली ठेवतो आणि एक बारकी घंटी उचलतो, अंगठ्याएवढी. तीन ठोके. तिसऱ्या ठोक्याला दिवे जातात. आठ हजार माणसं — आणि शिंकत नाही कोणी! इतक्या मोठ्या कॉन्सर्टमधला सगळ्यात नाजूक आवाज, सगळे त्याच्यासाठी थांबलेले. आणि गेल्या दौऱ्यात, मॅडम, पहिल्या गावात, ड्रमवाल्याने हात वर केला, तीनदा हलवला, दिवे गेले — आणि घंटी वाजलीच नाही! मी म्हटलं, माइक बिघडला असेल. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. नुसता हात हलवतो लबाड, आणि लोक? लोक ओरडतात, डोळे पुसतात, न वाजलेल्या घंटीला रडतात! माझ्या शेजारी एक जण, टोपीवाला म्हणतो आम्ही त्याला, त्याच्या अंगावर काटा. दाखवला मला त्याने हात. मी म्हटलं, अरे पण वाजली कुठे? तो माझ्याकडे असा बघतो, जसं काही मलाच वेड लागलंय.

आला! आला… हा आला. हे जाडजूड आवाज लावलेत की कसे खणखणीत येतात बघा. हा आला… हा पण. म्हणजे मशीन ठीक आहे तुमचं, मधेच काय होतं त्याला कोण जाणे. ते तार-बिर बघून घ्या.

घरी येऊन धाकटीचं रेकॉर्डिंग ऐकलं. चांगले हेडफोन लावून, दार बंद करून. तिथेही नाही. मग मी लिहिलं — आमच्या लोकांचा एक ग्रुप आहे, चारशे जण — लिहिलं, की बँडने घंटी बंद केली आहे, आपल्याला फसवताहेत. आणि चारशेच्या चारशे उलटले माझ्यावर! म्हणे, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. ती अंथरुणातली बाईसुद्धा म्हणते, येते. मग ह्याचा अर्थ काय? सरळ आहे. धाकटीने दोन प्रती केल्या. एक घंटी घातलेली, लोकांना. एक बिनघंटीची, मला. मी तसं लिहिलंही. खोटारडी म्हटलं तिला, सगळ्यांदेखत. का करेल ती असं? अहो, का म्हणजे — तिला मला तोडायचंय! टोपीवाला आहे ना आता तिची पाठ राखायला. चौथ्या गावात मी पाणी आणायला गेलो, येऊन बघतो तर माझ्या जागेवर तो उभा. ती म्हणते, तू हल्ली लोकांना ओरडून गप्प करतोस, तुझाच आवाज येतो टेपमध्ये. मी ओरडतो? मी तर कुजबुजतो.

कुजबुज तर बाकीचे करतात. घरात बघा — बायको मुद्दाम पाठ करून बोलते, सुनेचं तोंडातल्या तोंडात, नात फोनवर बोलली की नुसते ओठ हलतात. मी खोलीत गेलो की आवाज खाली. काय शिजतंय विचारलं तर म्हणतात, काही नाही, मीठ द्या म्हटलं. कारखान्यातही तेच. माल असा खराब यायला लागलाय, दहातले चार कप ठक् वाजतात, बाद करून करून माझ्यामागे ढीग. भट्टीवाल्याला म्हटलं, तू भट्टी नीट लावत नाहीस. तर त्याने काय म्हणावं — नाचता येईना अंगण वाकडं! काल त्याने माझे बाद केलेले कप फोडून दाखवले, साहेबांसमोर. आत तडा नाही. चांगले कप. मी म्हटलं, हे तू बदलून आणलेस. साहेब काही बोलले नाहीत. म्हणजे बोलले असतील काहीतरी, हळू.

आता डावा कान? लावा. पण — पाठ का केलीत? खुर्ची का फिरवली? नाही, ह्याला माझी हरकत आहे. मी आधीच सांगितलं होतं, हात दिसला पाहिजे. कारखान्यात दर वर्षी तपासतात तेव्हा तो माणूस समोर बसतो, त्याचं कोपर हललं की आपल्याला कळतं, आता दाबायचं — म्हणजे कळतं म्हणजे… अहो, सगळेच करतात. तीन वर्षं झाली करतोय, कोणाचं काय बिघडलं? ठोकणीवरून काढलं की खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायला बसवतात, मॅडम, अठरा वर्षांनी चिठ्ठ्या! पण म्हणून काही माझे कान गेले असं होत नाही. खात्रीसाठी बघायचो. हे लिहू नका. लिहिताय की काय? बरं, लावा. पाठ करून तर पाठ करून.

… 

आला… हा आला… 

… 

… 

बघा, परत थांबलात. मी बोलत नाहीये, आणि पाठ असली तरी कागदावर पेन चालतंय तुमचं ते खांद्यावरून कळतंय मला. लिहिताय काय, वाजलं तर काही नाही. असू द्या. आता एवढंच राहिलंय सांगायचं. बँडचा हा शेवटचा दौरा. धाकटीने दोन तिकिटं काढली. मला म्हणाली — जोरात म्हणाली, म्हणून कळलं — कान तपासून ये. रिपोर्ट चांगला आला तर तू म्हणशील ते कबूल करते, सगळ्यांसमोर, दोन प्रती केल्या म्हणून. आणि नाही आला तर? तर मला वाटलं, आता नाक घासायला लावणार. पण नाही. म्हणाली, माफी नको, काही नको, फक्त ग्रुपवर तीन शब्द लिही — ऐकू आलं नाही. लिही, आणि चल माझ्याबरोबर, तिकीट तुझंच आहे. आता तुम्ही सांगा, ज्या बाईला मी चारशे लोकांत खोटारडी म्हटलं, ती अशी सहज तिकीट देते? त्यात काय डाव आहे ते मला अजून कळलेलं नाही. रात्रंदिवस विचार करतोय.

झालं? झालं म्हणजे? अजून तर तुम्ही नीट सुरूच केलं नव्हतं. आणा बघू. हा माझा कान? ही रेघ सरळ चाललीय, छान — आणि इथून अशी खाली का घसरलीय? दोन्ही कानांची? पेन घसरलं का तुमचं? हे वरच्या पट्टीतले आवाज, हे कधी लावलेत? नाही, कधी लावलेत विचारतोय. मी बोलत होतो तेव्हा? — गप्प होतो तेव्हा? — दर वेळी? म्हणजे तुम्ही थांबतच नव्हता?

म्हणजे तो वाजवत होता.

पाचही गावांत वाजवत होता. आणि ती — दोन तास टाळी न वाजवता उभी राहायची हो माझी बहीण, नाक चोंदलं तर तोंडाने श्वास घ्यायची, परक्या आजारी बाईसाठी. आणि मी तिला… तिचा फोन आला होता तेव्हा, ग्रुपवर लिहिलं त्या दिवशी. बराच वेळ काही बोललीच नाही. मी म्हटलं, बोलायला तोंड नाही तुला, आणि ठेवला. काय माहीत, बोललीही असेल.

नाही, एक मिनिट. असा विश्वास नाही बसायचा माझा. तुम्ही चांगल्या बाई आहात, पण नाही. परत एकदा लावा. सगळे नको, तो वरचा एकच. दार लावून घ्या. तिकडे काचेपाशी उभ्या राहा, माझ्याकडे तोंड करून, आणि आवाज सोडलात की बोट वर करा. मी एक शब्द बोलणार नाही, बघा, श्वाससुद्धा घेत नाही. हं, सोडा.

… 

… 

बोट वर आहे तुमचं.