कुंदाताईंच्या डोळ्यांत उडालेल्या फवाऱ्याबाबत

मी दत्ताराम बाबाजी राऊळ, वय ७६ वर्षे, शिक्षण सातवी, पूर्वी गिरणीत कामाला, आता घरीच, राहणार म्हाडा वसाहत, दिंडोशी, गोरेगाव पूर्व. शेजारी देवेश परब यांच्या तक्रारीवरून मला पोलीस ठाण्यात बोलावल्याने समक्ष सांगतो की,

वरील ठिकाणी मी एकटा राहतो. पत्नी सुलक्षणा मयत आहे. मुलगा सुबोध बंगळुरूला नोकरीस आहे. देवेशची आई कुंदाताई या आमच्याच गावाकडच्या. पत्नी हयात असल्यापासून आमची एक चावी त्यांच्याकडे असते.

गणपतीनंतर आमच्या भागात एका म्हाताऱ्या बाईला घरात शिरून लुबाडले. मी सुबोधला फोनवर ते सांगितले व दोन दिवस येऊन जा म्हणालो. त्याने कुरिअरने पिस्तूल पाठवले. ते खास म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेले आहे. मूठ जाड, घोडा हलका, हात थरथरला तरी दाबता येतो. गोळीऐवजी मिरचीच्या पाण्याचा फवारा सुटतो. खोक्यावर हसऱ्या आजोबांचे चित्र आहे. सुबोध म्हणाला, "बाबा, आता टेन्शन नाही ना? आणि रोज ठरल्या वेळी दार उघडू नका, लोक पाळत ठेवतात." म्हणून काल सकाळी दाराला लावलेली दुधाची पिशवी मी आत घेतली नाही.

मला कमी ऐकू येते. बेल वाजली असल्यास माहीत नाही. मी कॉटवर होतो. बाहेरून दार उघडताना दिसले. मी घाबरून घोडा दाबला.

"मेल्या, माका मारलंस!" असा आवाज आल्यावर कुंदाताई असल्याचे समजले. मी त्यांना डोळे धुवायला पाणी दिले. त्या म्हणाल्या, "दुधाची पिशवी तशीच बघून माका वाटला, तुमी गेलास. बघूक इलंय तर माकाच मारतास!"

देवेशने त्यांना दवाखान्यात नेले. डोळे शाबूत आहेत. संध्याकाळी तो दारात येऊन म्हणाला, "काका, ही तुमची चावी. आई आता येणार नाही." मी आत ये म्हणालो. तो आला नाही.

माझा कोणावर राग नाही. पिस्तूल जमा केले आहे, मला परत नको. कुंदाताईंनी चावी पुन्हा ठेवून घ्यावी, असे ठाण्यातून त्यांना सांगावे. साहेब म्हणाले, "काका, हे पोलिसांचं काम नाही." तरी लिहा म्हणालो.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात चावीचे गाळले होते, ते घालायला लावले व पुन्हा वाचून घेतले. आता मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.