धाकटी जाऊ जेवली का?

बसा, बसा. माझ्यासाठी उठू नका. मी पाहुणी नाही, शेजारीण आहे. कुसुमताईंच्या भिंतीला माझी भिंत. एवढी शिकलेली माणसं जमलीत आणि बोलायला उभं केलंय अंगठा उठवणाऱ्या बाईला! ताई असत्या तर हसल्या असत्या. त्या नाहीत, म्हणून अवघड जातंय.

ताई शाळेत बाई होत्या. रोज दुपारी मी सुपात शेंगा घेऊन त्यांच्याकडं जायची. मी सोलायची, त्या वाचून दाखवायच्या. शेवटचं पुस्तक खुनाचं. घरातला थोरला भाऊ मेलेला आणि संशय सगळ्या घरावर. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "धाकटी जाऊ. लिहून ठेवा."

ताई म्हणाल्या, "आक्का, कुणी मारलं ते पोलिसांनी विचारावं. आपण विचारायचं, त्यानंतर तिला घास कसा गेला?"

आता सांगा, असं विचारल्यावर कोण उठून जाईल? ती जाऊ मेलेल्याचं ताट चुकून वाढायची नि गुपचूप परत काढायची. सगळ्यांना वाढायची, स्वतः उपाशी. लई जीव अडकला माझा. घरी येऊन सुनेकडंसुद्धा निरखून बघायची. बसलीय ती तिथं. राग धरू नको गं, तू सुटलीस.

मागच्या सोमवारी ताईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "राहिलेलं उद्या." मंगळवारी सकाळी त्या गेल्या.

मी नातीला म्हटलं, "तेवढा शेवट वाच गं."

तिनं पुस्तक चाळलं. "आज्जी, वाचल्याची खूण तर शेवटच्या पानावर आहे. धाकट्या जावेला बेड्या पडल्यात. तू सांगतेस ती विहीर, तो माहेरचा निरोप, यातलं पुस्तकात काहीच नाही."

म्हणजे पुस्तक कधीच संपलं होतं! पुढचं सगळं ताई मनानं सांगत होत्या. वर चष्मा लावून पानं उलटत होत्या की! माझं पहिल्या दिवशीच बरोबर आलं होतं, तेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी सूप उचलून घरी गेले असते ना.

संजय, आईचं ते पुस्तक तू मला देतो म्हणालास. राहू दे तुझ्याकडं. त्यातली जाऊ तुरुंगात गेली. माझी जाऊ सोमवारी पहिल्यांदा स्वतःचं ताट वाढून बसली होती. घास हातात होता. खाल्ला का, ते एकट्या ताईंना ठाऊक.

उठा आता. दोन मिनिटं कुणी बोलू नका. ताई वाचताना मी गप्प बसायची, तशी उभी राहते.