बाळाच्या रडण्याची टेप

— अहो, तासभर झाला. अजून पहिलीच ओळ?

— उद्या आमच्या मालिकांच्या कंपनीला कुलूप लागणार. साहेबांची मुलगी, धाकट्या बाई म्हणाल्या, साउंडवाले काका, सगळ्यात जुने तुम्ही. निरोपाला कंपनीचा इतिहास वाचून दाखवा. मला कुठलं जमायला.

— द्या ते पेन. तुम्ही बोला, मी लिहिते.

— गॅरेजवरच्या दोन खोल्या. भिंतींना गाद्या टांगून रेकॉर्डिंग करायचो. पहिली मालिका डॉक्टरीणबाईंची. मग वकिलाची…

— मध्ये जुळ्यांची. तिसऱ्या भागात पाळणा होता.

— तुला बरं आठवतं. पाळणा दिसला की तू उठून आत जायचीस.

— मालिकांचं सांगा.

— एक सांगायचं राहिलंय. तीस वर्षं जमलं नाही. आमच्या सगळ्या मालिकांत बाळाचं रडणं एकच आहे.

— हं.

— पहिल्या वेळी वेळेवर रडणारं बाळ मिळेना. म्हणून आपल्या छबीचं घरी टेप करून नेलं. महिन्याभरात ती गेली. साहेबांना नुसतं म्हटलं असतं तरी त्यांनी ते काढलं असतं. पण तोंडातून शब्द फुटेना. मग तेच लावत राहिलो. अकरा मालिका…

— चौदा.

— तुला माहीत होतं?

— आईला सांगावं लागतं? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. दूध आलं मला. शेजारणींसमोर कपडे भिजले. तेव्हापासून उठून जायचे. दाराआडून ऐकायचे.

— मग माझ्यावर कधी चिडली नाहीस?

— चिडले असते तर तुम्ही ती टेप बंद केली असती. कुठे आहे ती आता?

— नव्या मालकांना कंपनीचं नुसतं नाव हवंय. दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो आला होता.

— आणि तुम्ही?

— दारात उभा होतो. एक डबा ठेवून घेतो, एवढंच म्हणायचं होतं. बाई विचारतील कुठला, का, म्हणून… टेपांचे खोके मोजून दिले.

— तीस वर्षांत बढतीसुद्धा न मागणारा माणूस. तुम्ही काय मागणार.

— खरं आहे. …काय लिहितेस?

— कलाकारांची नावं. छबीचं सगळ्यात वर घेतलंय. उद्या वाचताना गाळू नका.