सालीखालचा उडद्या

—नाही, तिथं हात लावू नका आप्पासो, वेल हलला की तो टपकन खाली पडतो, पाय आखडून मेल्यागत पडून राहतो, मग मातीत शोधत बसा. वाकून बघा. दिसला? तांबूस, उडदाएवढा भुंगेरा, पाठीवर काळे ठिपके. हाच उडद्या. आता काडीवर त्याच्या वरचा डोळा बघा—भोक दिसतंय? त्या डोळ्यातून फूट निघायची होती, फुटीला घड लागायचा होता. आतला कोंब खाल्ला की संपलं, या हंगामात तिथं घड नाही. किती डोळे गेले? पहिल्या चार ओळी मोजल्या, मग सोडून दिलं.

कडेगावातून एवढ्या लांब आलात, चहा घ्या म्हणायला पाहिजे, पण घरात सध्या कुणी बोलत नाही. ही दीड एकर द्राक्षबाग बाबांची—मिलिटरीतून आल्यावर मांडव त्यांनी स्वतः उभा केला, आणि मी शेतकीची पदवी घेऊन आले तसं म्हणाले, एक वर्ष तुझ्या मनानं कर. मी म्हटलं, विषारी औषधाचा थेंब येऊ देणार नाही. का म्हणजे? धोंडुमावशींच्या हातांची कातडी सोललेली मी बघितलीय—त्या आमच्याकडे बायकांची टोळी घेऊन येतात, वीस वर्षं झाली. मी चूक बोलले का? सांगा ना. नका सांगू.

पाऊस लांबला, हे खरं. शेजारच्या बागेतून उडून आले, हेही खरं—थोडंफार. नाही, खरं नाही ते. इथंच होते. दिवसा हा खोडाच्या सुटलेल्या सालीखाली दडतो, मादी अंडीही तिथंच घालते, अळी मातीत उतरून मुळ्या खाते. म्हणून छाटणी झाली की बायका ती साल हातानं ओरबाडून काढतात, पोत्यात भरतात, बांधावर नेऊन जाळतात. मी जाळू दिली नाही. म्हटलं, धूर कशाला, वेलाखाली पसरा, आच्छादन होईल, ओल टिकेल. मावशी म्हणाल्या, "पोरी, सालीत उडद्या असतोय, त्यो परत चढंल." आणि मी—सगळ्या बायकांसमोर—हसले. पुस्तकात उडद्याचं पान होतं हो, मी ते परीक्षेपुरतं वाचलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं बाई, तुझी बाग." आठवड्यात डोळे फुगले आणि हे खालून वर चढले. मग खाली उलट्या छत्र्या धरून वेल झाडले, सकाळ-संध्याकाळ, पडतील तेवढे रॉकेलच्या पाण्यात बुडवले—त्याच बायका आल्या, मी न बोलावता. उशीर झाला होता.

बाबा रागावले नाहीत. परवा मांडवाच्या तारा उतरवायला माणसं सांगितली, म्हणाले, "उसाला एवढं बघाय लागत न्हाई, नंदे." आणि गोठ्यात जाऊन बसले.

वही कशाला काढताय? माझ्या भाषणाची? हो, मागच्या महिन्यात तुमच्या गावात सांगितलं होतं मी, साल पसरा म्हणून, टाळ्याही वाजल्या. मग? ...तुमच्या बागेतही? सगळी साल वेलाखालीच आहे? छाटून किती दिवस झाले? ...नऊ. नऊ दिवस. आणि मला कळून दहा झाले, आप्पासो. सभेला आलेल्यांचे नंबर आहेत माझ्याकडे, कागदावर, नावासकट. रोज फोन हातात घेते. काय सांगू म्हणून परत ठेवते.

अजून किती जणांनी पसरलीय? बोटं कसली मोजताय—थांबा. नका मोजू. उठा, गाडी काढा. बायका मिळतात का बघा, साल गोळा करा, आजच्या आज जाळा. उपयोग होईल का ते मला विचारू नका. मला काहीच विचारू नका. जावा.