लाल कागदाखालचं नाव

(दक्षिण चीनमध्ये मेईश्येनजवळच्या एका गावात हक्का समाजातल्या वुन घराण्याचं तटबंदीचं जुनं घर. पुढे अर्ध्या चंद्राच्या आकाराचं तळं, मध्ये पूर्वजांचं दालन, मागे गोटे बसवलेला उंचवटा. जेवणाआधीची वेळ. घर दाखवायचं काम येनचाउकडे असतं.)

येनचाउ : …अहो बाई, त्या गोट्यांवर नाही. उतरा खाली.

जोसियान : चुकलं माझं. मला वाटलं, नुसता उंचवटा आहे.

येनचाउ : घराचं पोट आहे ते. आमची पोरंसुद्धा तिथं नाचत नाहीत. पाटी लावलीय एवढी मोठी, पण वाचतंय कोण.

जोसियान : मला चिनी वाचता येत नाही, मावशी. आपली हक्का बोली तेवढी बोलता येते.

येनचाउ : ते आलं लक्षात. आणि बोलता कशा? माझी आई बोलायची तशा. इथली पोरं आता टीव्हीवरची भाषा झाडतात. कुठून आलात?

जोसियान : मॉरिशसहून. मी जोसियान. भाषा आजोबांनी शिकवली.

येनचाउ : लांबून आलात की. मग या, दालन बघा. इकडून, बाजूच्या दारानं. मधलं दार पाहुण्यांसाठी उघडत नाही.

जोसियान : घरच्यांसाठी?

येनचाउ : लग्न असलं की. नाहीतर कुणी गेलं की. हां, आता उंबरठा ओलांडा, त्याच्यावर पाय देऊ नका. समोर सगळ्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या. वरची रांग जुनी, खालची आमच्या ओळखीची.

जोसियान : खाली उजवीकडच्या त्या पाटीवर अर्ध्या भागाला लाल कागद चिकटवलाय. तो का?

येनचाउ : नवराबायकोची पाटी आहे. एक गेलं, एक जिवंत असलं, तर जिवंत माणसाचं नाव लाल कागदाखाली ठेवतात. ती माझ्या आईची. नऊ वर्षं झाली तिला जाऊन.

जोसियान : म्हणजे तुमचे वडील आहेत अजून?

येनचाउ : कागद आहे, म्हणजे आहेत.

फूकसांग : येनचाउ, ए येनचाउ! ह्या बाईंची पिशवी तळ्याकाठी राहिलीय. बदकं चोची मारायला लागली, म्हणून मी आपला उचलून घेऊन…

जोसियान : नका, काका! तिथंच थांबा. आत आणू नका.

फूकसांग : बरं बाई, थांबलो. पाय तर बाहेरच आहेत माझे. बॉम्बबिम्ब आहे की काय?

येनचाउ : काका, पिशवी खाली ठेवा. बाई, काय आहे त्या पिशवीत?

जोसियान : तंबाखूचा डबा.

येनचाउ : तंबाखूच्या डब्यासाठी कुणी असं ओरडत नाही.

जोसियान : डब्यात आजोबांच्या कबरीवरची माती आहे. आणि थोडे केस. बाहेर मेलेल्या माणसाला उंबरठ्याच्या आत आणायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलं होतं. घरातल्या कुणी आतून नाव घेऊन बोलावलं तरच आणायचं.

येनचाउ : नाव काय त्यांचं?

जोसियान : वुन किमस्योंग.

फूकसांग : आयला. दादा?

येनचाउ : काका, तुम्ही जरा गप्प बसा.

फूकसांग : गप्प कसा बसू? त्या लग्नात कोंबडा कुणी धरला होता? मी. आठ वर्षांचा होतो. नवरा मॉरिशसला, मग नवरीशेजारी उभं कोण राहणार? कोंबडा! त्याच्या गळ्यात लाल फीत. चार वेळा वाकवला मी त्याला. नंतर त्यानं माझा अंगठा फोडला, ही बघा खूण.

जोसियान : आजोबांना पत्रानं कळवलं होतं म्हणे, तुझं लग्न लावलं म्हणून. सोबत फोटो होता. पुढे रस्ते बंद झाले आणि दहा वर्षांनी त्यांनी तिकडे माझ्या आजीशी लग्न केलं. मावशी, मी काही झाकायला आले नाही.

येनचाउ : झाकण्यासारखं राहिलंय काय? सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला आईनं दोन वर्षांची असताना दत्तक घेतलं. त्या माणसाचं आडनाव लावून मोठी झाले, पण तोंड पाहिलं नाही कधी. आईनंही नाही. तिनं फक्त कोंबडा पाहिला.

फूकसांग : आणि सांभाळला की! अकरा वर्षं. भुकेच्या साली आम्ही झाडाच्या साली उकळून खातोय आणि हिच्या आईचा नवरा घरात दाणे टिपतोय. मी एकदा म्हटलं, वहिनी, दादाला जरा भांड्यात घालू या का? झाडूनं हाणलं मला.

जोसियान : आजोबांनी आयुष्यात कोंबडा खाल्ला नाही.

येनचाउ : काय?

जोसियान : बदक, डुक्कर, मासे, सगळं चालायचं. नवीन वर्षाला टेबलावर कोंबडा आला की त्यांची वाटी पालथी. आजीला वाटायचं, पोटाला सोसत नाही. शेवटच्या आजारात मला म्हणाले, तिकडे माझ्या जागी तो उभा राहिला होता, त्याला कसा खाऊ?

फूकसांग : बस जरा, येनचाउ. त्या बाकावर बस.

येनचाउ : मी उभी आहे ती बरी आहे. बाई, खरं सांगू? ते गेले हे मला ठाऊक होतं. तुमच्याकडून पत्र आलं होतं.

जोसियान : माझ्या बाबांनी लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

येनचाउ : मीच वाचून दाखवलं आईला. ती मोहरीचा पाला वाळत घालत होती, हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, घाल चुलीत. म्हटलं, अगं, त्यांच्या नावानं काही करायला नको? तर म्हणाली, आला तोही कागदानं आणि गेला तोही कागदानं? मेला असेल तर इथं येऊन सांगू दे. तोवर मी विधवा नाही.

फूकसांग : हट्टी होती वहिनी.

येनचाउ : नंतर तीही गेली. सगळे म्हणाले, आता तरी तो लाल कागद काढ. मी काढला नाही. तिनं ज्याची वाट बघितली, ते मी एका पत्रावर कसं मिटवू? आणि आता तुम्ही डबा घेऊन उभ्या. तो कागद काढला, म्हणजे माझी आई नऊ वर्षांनी विधवा झाली. कळतंय का तुम्हाला मी काय म्हणते?

जोसियान : कळतंय. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. डबा परत घेऊन जाईन. पण या खेपेला नुसतं पत्र नाही, आत्या. ते आलेत. इतकंच.

येनचाउ : आत्या म्हणालीस.

जोसियान : आजोबांची मुलगी माझी आत्याच लागते.

येनचाउ : दत्तक आहे मी.

जोसियान : त्यांच्या नावाची ना?

येनचाउ : काका, मधल्या दाराचा अडसर काढायचाय. मदत करा.

फूकसांग : आत येऊन करू की बाहेरून?

येनचाउ : आत या. आणि हळू. मागच्या वर्षी बिजागरी तुटली होती. हं, ढकला. जोसियान, तू बाहेर जा. डबा दोन्ही हातांत धर. मी तीनदा हाक मारेन. तू त्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं, माहीत आहे ना?

जोसियान : माहीत आहे.

येनचाउ : वुन किमस्योंग, घरी या.

जोसियान : आलो.

येनचाउ : वुन किमस्योंग, घरी या.

जोसियान : आलो.

फूकसांग : तिसरी राहिली, पोरी.

येनचाउ : ठाऊक आहे. मला जरा सवय नाही ह्या शब्दाची. अप्पा, घरी या.

जोसियान : आलो.

येनचाउ : उंबरठा ओलांड. हळू. इकडे, पाटीसमोर ठेव डबा. काका, पाण्याची वाटी द्या, कागद कोरडा ओढला तर अक्षरं निघतील. असा भिजू दे. निघतोय. बघ, सोनेरी रंग अजून तसाच आहे खाली.

फूकसांग : वहिनीला सांग काहीतरी. तिला सांगायला नको?

येनचाउ : सांगते. आई, पाला राहू दे, हात पूस. स्वतः आलेत बघ सांगायला.