टेलची खुर्ची

बंधूंनो, भगिनींनो, मागं उभ्या असलेल्या पोरांनो, जागा मिळंल तिथं बसून घ्या.

सकाळी वाघमारे बाईंच्या घरी त्यांचा जलदान विधी झाला. तिथून तुम्ही सगळे सरळ शाळेच्या या हॉलमध्ये शोकसभेला आलात. उकाडा लई हाय. तुम्ही थकलात, मीही थकलोय. बोलायला सांगितलं म्हणून उभा हाय. काय बोलावं, ते खरंच सुचून राहिलं नाही.

बाई भूगोल शिकवायच्या, मी गणित. एकोणीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. पुस्तकात हवामान बदलावर दीड पान होतं. बाई म्हणाल्या, एवढ्यानं पोरांना काय कळणार? म्हणून त्यांनी खेळ काढला. तुमच्यातले निम्मे लोक तो खेळलेत.

ही कळशी आठवते? हीच ती. हे आपलं धरण. समोर ओळीनं पाच खुर्च्या. पहिली मंत्र्याची, मग शहराची, मग साखर कारखान्याची, मग कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्यांची. शेवटची टेलची. म्हणजे कालवा जिथं संपतो, त्या गावाची. एक डाव म्हणजे दहा वर्षं. डावाच्या आधी बाई कळशीतलं पाणी काढून बाहेरच्या लिंबाला घालायच्या. ऊन वाढलं, म्हणायच्या. दर डावाला एक पेला जास्त. मग सगळ्यांनी भांडायचं, ठराव करायचा, आपापलं पाणी काढून घ्यायचं, आणि कळशी हातोहात पुढं द्यायची.

टेलला बाई स्वतः बसायच्या. का? कारण तिथं कोणी बसायलाच तयार नसायचं. मला दरवर्षी म्हणायच्या, सर, एकदा तुम्ही बसा. मी दरवर्षी हसून टाळायचो. माझी केळीची बाग अर्धापूरला, कालव्याच्या तोंडाशी. मला टेल काय माहीत? मी कारखाना व्हायचो, आणि कळशी निम्मी करूनच पुढं द्यायचो.

एका वर्षी सानिया मंत्री झाली होती. तेव्हा नववीत होती. ती उभी राहून म्हणाली, आता आधी टेलला पाणी, मग वरच्यांना. शहर तयार झालं. शेतकरी तयार झाले. मग मी उठलो. म्हणालो, ठराव चांगला हाय, माझी सही घ्या. फक्त अंमल पुढच्या डावापासून करू. सगळे हसले. सह्या झाल्या. कळशी नेहमीसारखीच फिरली. आणि घंटा झाली.

पुढचा डाव झालाच नाही.

बाईंनी आपला कोरडा पेला उलटा करून ठेवला. माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशीच्या माझ्या हुशारीची मला आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात नांदेडला दवाखान्यात गेलो. बाईंचा आवाज पार बारीक झाला होता. मी म्हणालो, बाई, बऱ्या व्हा. या वर्षी टेलला मी बसतो.

बाई म्हणाल्या, "बसा सर. पन पानी यील म्हनून बसू नका."

घरी आल्यावर ध्यानात आलं. मी पुन्हा तेच केलं होतं. पुढच्या डावापासून.

बाईंची खुर्ची मी सगळ्यात मागं ठेवलीय. कळशी पुढं बसलेल्या सानियाजवळ देतो. आता दोन मिनिटं सगळे शांत उभे राहू. मग बसा, आणि कळशी हातोहात मागं येऊ द्या. तहान सगळ्यांनाच लागली हाय. ज्याला जेवढं लागंल तेवढं घ्या. मी कोणाला काही सांगणार नाही. सांगायचा हक्क मला राहिला नाही.

बाई, जय भीम. मी मागं जाऊन बसतो.